ऐकून घेण्याचे शिक्षण

तापी नदी खानदेश ओलांडून सुरतेस येते आणि पुढे समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्यातून धावणाऱ्या जळगाव–उधना रेल्वेने गेल्या कित्येक दशकांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे सुरतेस आणून सोडली. कुणी यंत्रमागावर लागले, कुणी साड्यांच्या दुकानात हिशेब लिहू लागले, कुणी हिऱ्याच्या घंटीवर बसले. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत मराठी वस्ती वाढली. महानगरपालिकेच्या मराठी शाळा भरल्या, गणपती बसू लागले, संक्रांतीचे हळदीकुंकू रंगू लागले. परमुलखात येऊन माणसे स्थिरावली, याचा आपणा सर्वांस अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. आज मात्र आम्हांस वाचकांपुढे एक निराळा प्रश्न ठेवावयाचा आहे. या घरांतील एखाद्याचे मन खचले, तर तो ते कुणाजवळ बोलून दाखवितो?

गावाकडे सारे आलबेल होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु तेथे ओसरीवर बसलेली एखादी आजी असे, विहिरीवर भेटणारी जाऊ असे, पारावर विडी ओढीत बसणारा एखादा समंजस आबा असे. निदान मनातले बोलण्यास जागा असे. सुरतेच्या चाळीत नवरा बारा तासांच्या पाळीवर जातो, दिवसपाळी संपली की रात्रपाळी सुरू होते. दहा बाय बाराच्या खोलीत घरची बाई एकटी असते. ‘माले करमत नही,’ असे ती आपल्या अहिराणीत म्हणते, तेव्हा या तीन शब्दांत केवढे मोठे दुःख असू शकते हे दवाखान्यातील डॉक्टरांस कळणे कठीण जाते. मग ती डोके दुखते म्हणून सांगते, छातीत धडधडते म्हणून सांगते, अंगात त्राण नाही म्हणून सांगते. गोळ्या मिळतात, दुखणे राहते.

मनाचे दुखणे अंगाच्या तक्रारीच्या रूपाने डॉक्टरांपुढे येते, हा अनुभव केवळ आपल्या लोकांचा नव्हे. जगभरच्या साध्या दवाखान्यांत हेच आढळते. आपल्या भाषेने तर या दुःखाला कितीतरी नावे दिली आहेत. करमत नाही, जीव लागत नाही, जीव खालीवर होतो, अन्न गोड लागत नाही, डोक्यात विचारांचा भुंगा फिरतो. ‘नैराश्य’ हा पुस्तकी शब्द यांतील कोणत्याच घरात कुणी उच्चारीत नाही. म्हणून या बोलांचा अर्थ ज्यास कळतो असा ऐकणारा माणूस त्या वस्तीतच तयार व्हावा, अशी एक कल्पना गेल्या काही दशकांत पुढे आली आहे. तिचे नाव स्वयंसेवक समुपदेशक. त्याच्या शिक्षणाविषयी आज चार शब्द लिहीत आहोत.

तज्ज्ञ किती आणि गरजू किती

प्रथम थोडे आकडे पाहू. २०१५–१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. देशातील बारा राज्यांत ते झाले आणि त्यांत गुजरातचा समावेश होता. या पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने ग्रस्त होते. म्हणजे दर दहा माणसांमागे एक. नैराश्य आणि चिंता यांसारखे जे नेहमी आढळणारे विकार आहेत, ते असलेल्या शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता. मानसोपचारतज्ज्ञांची देशातील संख्या लोकसंख्येच्या मानाने पाहिली, तर एक लाख लोकांमागे पुरता एकही येत नाही.

ही तफावत वैद्यकीय महाविद्यालये वाढवून लवकर भरून निघेल असे कुणीच म्हणणार नाही. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, ज्यांस गंभीर मानसिक आजार नाही पण जे मनाने पार थकले आहेत, त्यांना आधार देण्याचे काम पदवी नसलेल्या, परंतु नीट शिकवून तयार केलेल्या माणसावर सोपविता येईल काय?

चहा देणारे स्वयंसेवक

या प्रश्नाचे पहिले उत्तर थोडे अपघातानेच मिळाले. लंडनमध्ये चॅड व्हारा नावाचे एक धर्मोपदेशक होते. आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसांनी फोन करावा अथवा प्रत्यक्ष यावे, अशी सोय त्यांनी २ नोव्हेंबर १९५३ रोजी आपल्या चर्चमध्ये सुरू केली. येणाऱ्यांची रांग लागू लागली. आत व्हारा एकेकाशी बोलत आणि बाहेर काही स्वयंसेवक ताटकळलेल्या मंडळींस चहा-कॉफी देऊन त्यांच्यापाशी बसत. काही दिवसांतच व्हारांच्या ध्यानात आले की बाहेर बसलेल्यांपैकी बरेच जण त्यांना न भेटताच समाधानाने परत जात आहेत. चहा देणाऱ्याने त्यांचे मन लावून ऐकले होते, आणि तेवढ्याने त्यांचा भार हलका झाला होता. १९५४ साली व्हारांनी ऐकण्याचे काम त्या स्वयंसेवकांच्याच हाती दिले. तीच पुढे ‘समॅरिटन्स’ ही संस्था झाली.

परंतु केवळ सदिच्छा पुरेशी असते काय, याची शास्त्रीय परीक्षा होणे अगत्याचे होते. तशी एक मोठी परीक्षा आपल्या शेजारच्या गोव्यात झाली, ही गोष्ट आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने, गोव्यातील चोवीस दवाखान्यांत ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. आरोग्यक्षेत्राचा काहीही अनुभव नसलेल्या स्थानिक स्त्रियांना सुमारे दोन महिने शिकवून समुपदेशक करण्यात आले. २०१० साली या प्रयोगाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्यकेंद्रांत ज्यांना अशा समुपदेशकाची मदत मिळाली, त्यांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले होते. जेथे ही मदत नव्हती तेथे हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याने आपले निष्फळ ठरलेले आकडेही छापले, त्याच्या यशाच्या आकड्यांवर अधिक विश्वास बसतो.

याच संस्थेने पुढे तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींची एक सोपी पद्धत बसविली आणि गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत तिची परीक्षा घेतली. २०१७ साली तिचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतर समुपदेशकाची मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या त्या पातळीखाली आले होते, तर एरवीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

दूरच्या झिम्बाब्वे देशातही असेच घडले. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरातील एका दाट वस्तीत चौदा आज्यांना हाताशी धरले आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाके मांडली. या आज्या बाकावर बसून येणाऱ्यांचे ऐकत. त्यांनीही ‘डिप्रेशन’ हा शब्द वापरला नाही. त्यांच्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ अति विचार करणे. आपला विचारांचा भुंगा तो हाच! २०१६ साली ५७३ लोकांच्या पाहणीतून या बाकाचा गुण शास्त्रीय कसोटीस उतरला.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण ‘आत्मीयता’ या उपक्रमाचे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो २०१३ पासून नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात प्रथम करून पाहिला, आणि नंतर गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांत नेला. गावातीलच विश्वासू स्त्रीपुरुष त्यात चार ते सहा भेटींचे समुपदेशन करितात. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सामुदायिक मानसिक आरोग्यसेवेविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात या उपक्रमाची चांगले उदाहरण म्हणून नोंद आहे. महाराष्ट्रातील डोंगरी तालुक्यात रुजलेले रोप गुजरातेत वाढले. सुरतेच्या मराठी माणसास याहून अधिक ओळखीची वाट कोणती असणार?

पहिला संयम : सल्ला न देणे

आता या शिक्षणात शिकवितात तरी काय, ते पाहू. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ दडलेला आहे. गंमत अशी की शिक्षणाचा पहिला पाठ उपदेश न करण्याचा असतो. आणि तोच सर्वांत कठीण जातो. कारण मदत करण्याची हौस असलेली माणसेच या शिक्षणास येतात, आणि त्यांची सारी हौस जिभेवर असते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, शेजारच्या वहिनी काकूंपाशी येऊन म्हणतात, “काकू, हल्ली रात्री झोपच लागत नाही. पहाटेपर्यंत नुसती छताकडे बघत पडते.”

काकू मायेने म्हणतात, “अगं, सगळ्यांच्याच घरी असंच चाललंय. कोमट दूध पी, देवाचं नाव घे आणि पड. माझ्या नणंदेचं बघ, तिचं तर याहून वाईट झालं.”

काकूंच्या मनात वाईट काही नाही. तरी वहिनींचे बोलणे तेथेच संपले. त्यांच्या दुःखाची तुलना झाली, त्यावर उपाय सांगून झाला, आता त्यांनी उठून घरी जावे हेच उरले. हीच काकू शिक्षण घेऊन आली असती, तर कदाचित असे बोलली असती :

“पहाटेपर्यंत जागी असतेस. तेव्हा मनात काय काय येतं गं?”

“यांचं काम सुटलं ना. पोराची फी राहिलीय. वाटतं, मीच कुणाच्या उपयोगाची नाही.”

“मीच कमी पडले, असं वाटत राहतं तुला.”

यानंतर काकू गप्प राहते. वहिनी रडतात, आणि मग आजवर नवऱ्याजवळही न बोललेली गोष्ट बोलू लागतात.

या दुसऱ्या संवादात काकूने काय केले? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपेल असा प्रश्न तिने विचारला नाही. वहिनींचेच म्हणणे त्यांना आपल्या शब्दांत परत ऐकविले, म्हणजे आपले बोलणे पोहोचले अशी त्यांची खात्री झाली. आणि ती गप्प राहिली. वर्गात यांतील प्रत्येक गोष्टीचा सराव करून घेतात. तिघातिघांचे गट पाडतात. एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे, तिसऱ्याने केवळ पाहायचे. ऐकणाऱ्याने किती वेळा मध्येच तोंड घातले, किती वेळा ‘तू असं कर’ म्हटले, याची नोंद तिसरा ठेवतो. दहा सेकंदांची शांतता प्रथम किती असह्य होते, हे ज्याने हा सराव केला आहे त्यासच कळेल.

ऐकणे साधले की पुढचा भाग येतो. गोव्यातील पद्धतीचा गाभा अगदी साधा आहे. मन खचलेला माणूस हळूहळू एकेक काम सोडून देतो, आणि कामे सुटली की मन आणखी खचते. हे चक्र उलटे फिरवायचे असते. ‘आधी बरे वाटू दे, मग करीन’ असे म्हणणाऱ्यास ‘आधी थोडे करून पाहू, बरे वाटते का ते मग पाहू’ असे सुचवायचे. परंतु काय करायचे ते समुपदेशकाने ठरवायचे नसते. जिला भाजीबाजारात जाणे पूर्वी आवडे, तिने या आठवड्यात दोनदा तेथवर जाऊन यावे. ज्याला भजनाची आवड होती, त्याने गुरुवारी नुसते जाऊन बसावे. काय केले आणि त्या दिवशी कसे वाटले, हे वहीत मांडायचे आणि पुढच्या भेटीत एकत्र पाहायचे. झिम्बाब्वेच्या आज्यांची रीत थोडी निराळी आहे. त्या अडचणींची यादी करावयास सांगतात, तिच्यातील एकच अडचण निवडावयास लावतात आणि तिच्यावरचे शक्य ते सारे उपाय त्या माणसाकडूनच काढून घेतात.

दुसरा संयम : ऐकलेले पोटात ठेवणे

आम्ही वर म्हटले की आपली भाषा जाणणारा माणूस आपल्याच वस्तीत हवा. या म्हणण्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्याला आपली भाषा कळते, तो आपली सोयरीकही जाणतो. तो त्याच मंडळात असतो, त्याच भिशीत असतो. त्याचा मेहुणा आपल्या भावकीतला निघतो. परप्रांतातील समाज लहान असतो आणि लहान समाजात बातमी फार वेगाने फिरते. मुलीस मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेले एवढे कळले तरी तिच्या लग्नात अडचण येईल, ही भीती आजही कित्येक आईबापांस वाटते. म्हणून पुष्कळ जण आपल्या माणसापुढे मन मोकळे करण्यापेक्षा मुकाट सोसणे पत्करतात. आम्हांस वाटते, आपल्या समाजात या कामाची खरी कसोटी येथेच आहे.

उत्तम प्रशिक्षणात या विषयास पुष्कळ वेळ देतात. नियम कडक असतात. कुणाचे नाव घरीही घ्यायचे नाही, अगदी जोडीदाराजवळही नाही. रस्त्यात, लग्नात, आरतीत भेट झाली तर आपण होऊन ‘आता कसं आहे?’ असे विचारायचे नाही. त्या माणसाने ओळख दाखविली तरच दाखवायची. जवळच्या नात्यातील माणूस आला तर त्यास दुसऱ्या समुपदेशकाकडे सोपवायचे. अनुभव म्हणून देखील हकीकत सांगायची नाही, कारण नाव गाळले तरी लहान वस्तीत माणूस ओळखू येतो.

या गुप्ततेस अपवाद आहेत, आणि ते पहिल्याच भेटीत मोकळेपणी सांगावे लागतात. कुणाच्या जिवास धोका असेल, तर गुप्तता बाजूस ठेवून मदत बोलवायची. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांस कळविणे प्रत्येकास बंधनकारक आहे. तेथे शेजारधर्म किंवा घराण्याची अब्रू हे कारण चालत नाही. घरात मारहाण होत असेल तर त्या स्त्रीस गुजरात सरकारच्या १८१ या ‘अभयम्’ हेल्पलाइनची माहिती द्यायची. फोन करावा की नाही, हे मात्र तिने ठरवायचे.

जो प्रश्न विचारण्यास जीभ अडखळते

प्रशिक्षणातील एक पाठ ऐकताना अनेकांच्या अंगावर काटा येतो. समोरचा माणूस ‘आता पुरे झाले’, ‘माझ्यामागे सगळे सुखी होतील’ असे बोलू लागला, तर त्याला सरळ विचारायचे असते, “जगूच नये, असं कधी मनात येतं का?” असे विचारल्याने नसता विचार डोक्यात घातल्यासारखे होईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आजवरच्या अभ्यासांतून ती खरी ठरलेली नाही. उलट, हा प्रश्न कुणीतरी शांतपणे विचारला म्हणून सुटका वाटल्याचे कित्येक जण सांगतात. उत्तर ‘हो’ असे आले तर त्या माणसास एकटे सोडायचे नाही, हाताशी असलेली धोक्याची साधने दूर करायची, घरातील एका विश्वासू माणसास त्याच्या माहितीनेच सांगायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यायचे.

पोलिसांच्या भयाने असे प्रसंग दडपण्याचीही गरज उरलेली नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये अमलात आला. त्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. सरकारी नोकरास कामापासून अडविण्यासाठी केलेला असा प्रयत्न तेवढा गुन्हा धरला जातो.

सुरतेस या पाठाची निकड किती आहे, हे २०२४ साली साऱ्या देशाने पाहिले. हिऱ्यांच्या धंद्यात मंदी आली. परदेशांतील मागणी घटली, प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्यांनी भाव उतरविले. घंट्या थांबल्या. रत्नकलाकारांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्या. त्या वर्षी जुलै महिन्यात गुजरातच्या हिरा कामगार संघटनेने स्वतःच एक हेल्पलाइन सुरू केली. फोन करणारे बोलत ते कामाविषयी, मुलांच्या फीविषयी, घरभाड्याविषयी आणि कर्जाच्या हप्त्याविषयी.

यावर कुणी म्हणेल, ज्याची चूल थंडावली आहे त्याला समुपदेशन काय कामाचे? ही शंका रास्त आहे. भाकरीचे काम शब्दांनी होत नाही. म्हणूनच ‘आत्मीयता’च्या कार्यकर्त्यांस विधवा पेन्शन, रेशन, अपंगांसाठीच्या योजना यांचे अर्ज कोठे आणि कसे करावयाचे, हेही शिकविले जाते. ऐकण्याने काम मिळत नाही. परंतु काम गेलेला माणूस उद्याची सकाळ पाहण्यास राहील की नाही, हे कधी कधी आजच्या रात्री कुणी ऐकले की नाही यावर अवलंबून असते. काम पुढच्या महिन्यात मिळेलही. तोवर त्याने असले पाहिजे.

मर्यादा ओळखणे

दहावी-बारावी शिकलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्याचे मन देणे धोक्याचे नाही काय, असे आमचे काही वाचक विचारतील. धोका आहे, आणि म्हणूनच प्रशिक्षणात मर्यादांचा पाठ असतो. स्वयंसेवकाने रोगाचे निदान करावयाचे नाही. चालू असलेले औषध बंद करण्यास सांगावयाचे नाही. कानांत आवाज ऐकू येणे, नसलेले दिसणे, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की समजूत होणे, दिवसचे दिवस न झोपता अतोनात बोलत राहणे अशी लक्षणे दिसली, तर समुपदेशन थांबवून रुग्णालयाची वाट दाखवायची. सुरतेत नव्या सिव्हिल रुग्णालयात आणि महानगरपालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. देवऋष्याकडे जाणाऱ्यांशी वाद घालू नये; तेथे जात असाल तरी येथेही या, एवढेच म्हणावे. तज्ज्ञांचा आणि घरच्यांचा दुरावा याने कमी होतो.

शिवाय हे शिक्षण वर्गात संपत नाही. गोव्यातील समुपदेशकांनी वर्गानंतर अनेक महिने उमेदवारी केली. रुग्णांच्या परवानगीने भेटींचे ध्वनिमुद्रण होई, आणि समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या कामास गुण देत. कोठे घाई झाली, कोठे उपदेश शिरला, हे सहकाऱ्याने दाखवायचे. दुसऱ्याची दुःखे ऐकून ऐकणाऱ्याचेही मन जड होते. ते हलके करण्याची जागाही हीच बैठक. देखरेखीशिवाय चालणारे समुपदेशन म्हणजे पुन्हा शेजारीण काकूंचा सल्लाच. ज्या प्रशिक्षणात दोन दिवसांत प्रमाणपत्र मिळते आणि पुढे विचारणारे कुणी नसते, त्यापासून वाचकांनी दूर राहावे हे उत्तम.

आपली मंडळे काय करू शकतील

परप्रांतातील मराठी मंडळांनी आजवर पुष्कळ केले. ग्रंथालये चालविली, वधूवर मेळावे भरविले, गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार केले. यांतील कोणत्याही कामापेक्षा हे काम खर्चाचे नाही. प्रत्येक मंडळाने दोन-चार माणसे निवडावीत. निवडताना भाषणे करणारे टाळावेत आणि ज्यांच्यापाशी लोक आपण होऊन जाऊन बसतात ते हुडकावेत. अशी माणसे प्रत्येक वस्तीत असतात. एखादी निवृत्त शिक्षिका, एखादी अंगणवाडीताई, मागावरचा एखादा जुना जाणता कारागीर. त्यांना योग्य संस्थेकडून शिकवून घ्यावे. मध्य प्रदेशातील सेहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना गोव्याची ही पद्धत मोबाइल फोनवरून शिकविण्याचा प्रयोग झालेला आहे, तेव्हा अंतराची सबब फारशी उरत नाही. एका मानसोपचारतज्ज्ञांकडून देखरेखीचा होकार मात्र आधी मिळवावा. लहान समाजातील संकोच लक्षात घेऊन शेजारच्या गावांच्या मंडळांनी आपसांत अदलाबदल करावी. सुरतेच्या माणसाने नवसारी अथवा बडोद्याच्या समुपदेशकाशी फोनवर बोलावे, त्यांच्या माणसाने सुरतेच्या. भाषा आपली राहील आणि भावकी दूर राहील.

तोवर प्रत्येक घरात एक क्रमांक लिहून ठेवावा : १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा अहोरात्र आणि विनामूल्य चालते, आणि तेथे अनेक भारतीय भाषांत बोलण्याची सोय आहे.

आपल्याकडे लहानपणापासून बोलावे कसे, हे पुष्कळ शिकवितात. वक्तृत्वस्पर्धा होतात, पाठांतरे होतात, बक्षिसे मिळतात. ऐकावे कसे, याची स्पर्धा कोठे भरल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि भरलीच तर बक्षीस कुणास द्यावे हे परीक्षकांस कळणार नाही. कारण उत्तम ऐकणाऱ्याने काय केले हे केवळ एकालाच ठाऊक असते. सुरतेच्या एखाद्या चाळीत आज रात्री कुणास ‘करमत नसेल’, तर त्याच्या दाराशी असा एक माणूस असावा, आणि त्याने आपल्याच बोलीत विचारावे, “बस. काय झालं, सांग.” मग गप्प राहावे.